परक्या घरचं दळण

आमच्या तळ्याचा विषय निघाला की मला आधी राग येतो आणि मग रडू येतं. इतकं वय झालं, पण हा क्रम काही बदलला नाही. म्हणून घरात कुणी तो विषय काढत नाही. परवा नातीला नोकरी लागली, चाकणच्या बाजूला एका कंपनीत. पेढे देताना तिनं जागा सांगितली आणि माझा हात तसाच राहिला. अगं बाई, म्हटलं, ही तर आमच्या तळ्यात जाऊन बसणार! तिला वाटलं, आजीचं काहीतरी भलतंच चाललंय. तेव्हा आता एकदा लिहूनच टाकते.

तळं म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. कुरुळीच्या शेजारी आमचं गाव आणि गावाबाहेर माळावरून येणारा ओढा. तो पुढे इंद्रायणीला मिळतो. एका वळणावर त्याला दगडी बांध घातलेला होता आणि बांधामागे पाणी साठायचं, तेच आमचं तळं. पावसाळ्यात भरायचं, होळीपर्यंत पुरायचं, उन्हाळ्यात तळ उघडा पडायचा. बांधाच्या पायथ्याशी आमची पाणचक्की. वरच्या मोरीची फळी उचलली की पाणी लाकडी चाकावर पडायचं, आणि चाक फिरलं की वरच्या खोलीतला दगड फिरायचा. बांधाच्या अगदी बुडाशी आणखी एक मोरी होती. उन्हाळ्यात गाळ काढायच्या वेळी तेवढी ती उघडायची, एरवी तिला कुणी हात लावायचा नाही.

गावात आम्हाला आडनावानं कुणी ओळखत नसे. चक्कीवाले म्हटलं की झालं. आमचे खापरपणजोबा जुन्नरकडून आलेले. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला टाकी लावायची, हा त्यांचा धंदा. गावोगाव फिरता फिरता त्यांनी ओढ्याचं हे वळण पाहिलं आणि गावकऱ्यांना म्हणाले, मला इथं पाणी अडवू द्या, तुमच्या बायकांचे हात मोकळे होतील. गावानं दिलं, पण एका बोलीवर. दसऱ्याच्या दिवशी पिंपळाखाली बसून बोली झाली. कागद नाही की अंगठा नाही, नुसता शब्द. दर दसऱ्याला सकाळी चक्कीवर परक्या घरचं दळण आलं पाहिजे. येतंय तोवर पाणी चक्कीवाल्यांचं. ज्या दसऱ्याला सूर्य डोक्यावर येईपर्यंत कुणाचं दळण येणार नाही, त्या दिवशी चक्कीवाल्यांनी आपल्या हातानं बुडाची मोरी उघडायची आणि पाण्याखालची जमीन गावाला परत द्यायची. आणि चक्कीवाल्यांच्या स्वतःच्या घरचं दळण यात धरायचं नाही. बरोबरच आहे. आपणच टोपली भरायची नि आपणच दळायचं, मग त्या बोलीला अर्थ काय उरला?

माझ्या लहानपणी ही अट म्हणजे नुसती मौज होती. दसऱ्याला दिवस उगवायच्या आत बायका डोक्यावर पाट्या घेऊन बांधावर हजर. पहिलं दळण जिचं तिला आमच्याकडून नारळ आणि गुळाचा खडा मिळायचा, त्यासाठी ही ढकलाढकली! चाकाला झेंडूच्या माळा घातलेल्या असायच्या. आबा, म्हणजे माझे वडील, चक्कीच्या दारात उभे राहायचे आणि प्रत्येकीला विचारायचे, "कुणाच्या घरचं दळण?" तिनं मोठ्यानं आपल्या घराचं नाव सांगायचं, मगच पाटी आत जायची. एकदा आमची शेजारीण म्हणाली, "का वं चक्कीवाले, काल माझ्याच घरनं मीठ नेलंसा, आन् आज वळख न्हाई व्हय?" सगळ्या हसल्या. आबा हसले नाहीत. "कुणाच्या घरचं दळण?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि बिचारीला सांगावं लागलं.

असा माणूस. बोलणं कमी, त्यातून चक्कीच्या घरघरीनं एका कानानं ऐकू येत नव्हतं. मी पहिली मुलगी, पाठचे दोन भाऊ लहानपणीच गेले. आबांच्या मागं मागं मी चक्कीत असायची, केसांपासून नखांपर्यंत पांढरी. दगडातून पीठ पडायला लागलं की ते मला बोलवायचे. मी चिमूट घेऊन बोटांत चोळायची. "बारीक?" ते विचारायचे. मी म्हणायची, "अजून थोडं." मग ते वरचा दगड जरासा खाली घ्यायचे. आमचं दिवसभराचं बोलणं एवढंच. पण गावाचं पीठ माझ्या बोटांवर ठरायचं, याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

हा तोरा उतरवायला घरात आई होती आणि बाहेर सगळं गाव होतं. सायीची वाटी मागितली की आई म्हणायची, "तुला कशाला? तू जाणारी." चक्कीत बसलेली दिसले की बायका म्हणायच्या, "काय शिकून करतीस? तू काय इथं राहणार हायेस?" सरळ होत्या त्या, वाईट बोलत नव्हत्या. त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलेलं. पण ऐकून ऐकून मला असं वाटायला लागलं होतं, की या घरात मी पाहुणीसारखी आले आहे आणि माझी वळकटी दाराशी बांधून ठेवलेली आहे.

लग्न झालं आणि मी पिंपरीला आले. तिकडे तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. माझे यजमान मूळचे साताऱ्याकडचे, एका कंपनीत कामाला. आम्ही चाळीत एका खोलीत राहायचो. एका भिंतीपलीकडे कोकणातली बाई, दुसऱ्या भिंतीपलीकडे मराठवाड्यातली. दोघींचं बोलणं मला सुरुवातीला निम्मंच कळायचं. भोंगा झाला की चाळ रिकामी व्हायची. मला चक्कीची घरघर ऐकायची इतकी सवय, की तिथल्या शांततेत कान दुखायचे.

आणि त्याच सुमाराला गावात इंजिनाची गिरणी आली. नाशिक रस्त्याला लागून पत्र्याची शेड आणि आत पुकपुक करणारं इंजिन. पाटी ठेवायची, जरा गप्पा मारायच्या, की पीठ तयार. आमच्या चक्कीवर सकाळी टाकलेलं दळण दुपारी मिळायचं, आणि उन्हाळ्यात तर मिळायचंच नाही. बायकांना मी कशाला दोष देऊ? मी स्वतः पिंपरीत गिरणीतूनच दळण आणत होते. पण गिरणी चालवायला ठेवलेला माणूस होता माझा सख्खा चुलता, आबांचा धाकटा भाऊ. त्याला दगड कळत होता, आवाजावरून पीठ कळत होतं, म्हणून मालकानं त्यालाच उचललं. काका घरी येऊन म्हणाला, "दादा, पोटाला तर लागतंच. दोघं उपाशी बसून काय व्हनार?" आबांनी त्याला जेवायला वाढायला सांगितलं.

दळण कमी होत गेलं. मग बंदच पडलं. तळं गेलं त्याच्या आधीच्या दसऱ्याला बांधावर एकच म्हातारी आली होती, वेशीजवळच्या घरातली. तिला गिरणीचं पीठ गरम लागायचं, भाकरी थापता येत नाही म्हणायची. तिच्या ओंजळभर बाजरीवर त्या वर्षी तळं वाचलं. श्रावणात ती म्हातारी वारली. बातमी कळली तेव्हा मला तिच्याबद्दल वाईट वाटायच्या आधी तळ्याचा विचार आला.

भाद्रपदात चिंचवडच्या बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर आईनं निरोप धाडला. दसऱ्याला या, आणि येताना तुझ्या सासरची बाजरी आण. एवढंच. पण मला सगळं कळलं. आईनं वाट शोधली होती. माझं लग्न झालेलं, मी आता दुसऱ्या घरची. म्हणजे माझ्या हातातलं दळण परक्या घरचं! चाळीतल्या खोलीत एकटीच हसले हो मी. जन्मभर जे ऐकून घेतलं, ते आता कामाला येणार होतं. सासूबाईंना निरोप पाठवला, त्यांनी साताऱ्याहून नवी बाजरी पाठवली. दुकानातून आणता येईल अशी नको, शेतातलीच हवी, असा माझा हट्ट होता.

दसऱ्याला कंपनी बंद. यजमानांनी कुणाची तरी सायकल मागून आणली. पुढच्या दांड्यावर बाजरीची पिशवी, मागे मी. भोसरी गेली, मोशीला इंद्रायणीचा पूल गेला, आणि वाटेत प्रत्येक गावात दारांना झेंडूची तोरणं. माझा जीव सगळा त्या पिशवीत. खड्डा आला की मी ओरडायची, "अहो, बाजरी!" ते म्हणाले, "बायको पडली तर चालेल म्हणजे."

पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तळं काठोकाठ भरलेलं, काठावर दोन पाणकोंबड्या. चक्की झाडून सारवून ठेवलेली, चाकाला माळा, दारात रांगोळी. आणि बांधावर एकही बाई नाही. पिंपळाखाली पाटील आणि चार म्हातारी माणसं बसली होती. बोली पाळली जाते की नाही ते बघायला गावाकडून कुणीतरी यायचंच, तशी आलेली. खाली माना घालून बसली होती सगळी. त्यांच्याही घरचं पीठ गिरणीतूनच येत होतं ना! काका आबांपासून जरा लांब उभा होता. आबा दारात, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पागोटं बांधून. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला, आणि हातातली पिशवी पाहून तसाच राहिला.

मी पुढे झाले. पिशवी डोक्यावर घेतली, बायका घ्यायच्या तशी. आता विचारा, म्हटलं मनात. विचारा लवकर.

आबांनी विचारलं, "कुणाच्या घरचं दळण?"

मी सासरचं आडनाव सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं, की पिंपळाखालच्यांनी वर पाहिलं.

आबांनी पिशवी उतरवून घेतली. तोंड सोडलं, आत हात घातला, मूठभर बाजरी काढली आणि नाकाशी नेली. "चांगली हाय," म्हणाले. आता ते फळी उचलायला वळणार, असं मला वाटलं. आई दारामागून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला होता. पण आबा वळले नाहीत. त्यांनी पिशवीचं तोंड परत बांधलं.

"ह्ये दळण धरता यायचं न्हाई," ते म्हणाले. "घरचं हाय."

काकाच आधी पुढे आला. "दादा, आसं काय करतोस? लगीन झालं की पोरगी त्या घरची. कुणाला बी इचार."

पाटील उठून उभे राहिले. "चक्कीवाले, गावाची काय हरकत न्हाई. लेक सासरची. धरा तिचं दळण, उचला फळी. आमाला काय हौस हाय व्हय पानी सोडायची?"

यजमान कधी मोठ्यांपुढे बोलायचे नाहीत. तेही म्हणाले, "मामा, धान्य माझ्या आईनं पाठवलंय. तुमच्या घराशी त्याचा काही संबंध नाही."

"धान्य तुमचं आसंल, जावईबापू," आबा म्हणाले. "पर आणलंय कुनी? माझ्या लेकीनं. घरचं मानूस घिऊन येतं ते घरचं दळण. बोलीत ते धरत न्हाईत."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आबा, लहानपणापासून सगळ्यांनी मला परकी म्हणून म्हणून जीव नको केला. आज एक दिवस त्याचा उपयोग आहे, तर आज तुम्ही नाही म्हणता? म्हणा ना परकी! एकदा म्हणा, आणि फळी उचला!"

आबा म्हणाले, "म्या कवा म्हनलो तसं?"

मी आठवून पाहिलं. आई म्हणायची, शेजारीण म्हणायची, गाव म्हणायचं. आबांच्या तोंडून तो शब्द मी खरोखर कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, चक्कीच्या आवाजात त्यांना ते बोलणं ऐकू जात नसेल. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"पर आज म्हनायला लावू नगंस," ते म्हणाले. "तळ्यासाठी तर न्हाईच न्हाई."

सूर्य डोक्यावर येईपर्यंत ते दारातच उभे राहिले, अजून कुणी येईल म्हणून. कुणी आलं नाही. मग त्यांनी काकाला हाक मारली. दोघा भावांनी मिळून वरचा दगड उचलून बाजूला ठेवला, चाक रिकामं फिरलं तरी दगडाला दगड घासू नये म्हणून. चक्की संपली होती, तरी दगडाची काळजी! काकानं पहार लावून बुडाची मोरी उघडली. आधी गाळाचं काळं पाणी आलं, मग स्वच्छ. काका पहार टाकून बांधावर बसला आणि मोठ्यानं रडला. आबा उभे होते.

पाणी जायला लागलं हे गावात कळायला वेळ लागला नाही. तळ उघडा पडत गेला तसे मासे चिखलात उड्या मारायला लागले, आणि जो तो पाट्या घेऊन धावत आला. त्याच पाट्या! माझी आई आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती. त्या दिवशी ती बांधावर उभी राहून ओरडली, "दळान आनायला पाय मोडलं व्हतं व्हय गं तुमचं? मासं धराया बरं पळत आलासा!" काही बायका पाटी तिथंच टाकून परत गेल्या. काही नाही गेल्या.

आईनं ती बाजरी घरी नेली. आम्ही दोघींनी ती जात्यावर दळली, समोरासमोर बसून, एक खुंटा धरून. मी मधेच चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि मला रडू फुटलं. आई म्हणाली, "मी चुकले गं. मला वाटलं, तुला परकी म्हटलं की तळं वाचंल." मलाही तेच वाटलं होतं. आबांनी त्या बाजरीची भाकरी खाल्ली. त्यांनी एक भाकरी जास्त मागून घेतली, हे मला आठवतं. संध्याकाळी सोनं द्यायला फक्त पाटील आले, आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून, न बसता गेले.

मी आबांवर रागावले ती रागावलेच. दुसऱ्या दिवशी निघताना नीट पाया पडले नाही. पिढ्यान् पिढ्यांचं पाणी, आणि या माणसानं एका शब्दासाठी ओढ्यात सोडलं! चाळीत आले की पाणी भरताना, भांडी घासताना, मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची. म्हणायला काय झालं होतं? तोंडाला काय काटे टोचणार होते? गावाची जमीन गावाकडं गेली, गाळाच्या भुईत कांदा फार चांगला आला, आणि पुढे कितीतरी वर्षांनी तीच जमीन कंपनीवाल्यांनी घेतली. आबा रोज बांधावर जाऊन बसायचे, असं काका सांगायचा. गिरणीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, पण काकाशी बोलणंही टाकलं नाही.

त्यानंतर दहा वर्षांच्या आतच आबा गेले. मी पोचले तेव्हा काकानं सगळं करून ठेवलं होतं. त्यानंच अग्नी दिला, पाणी दिलं. घरात सुतक. तिसऱ्या दिवशी भावकीतली एक म्हातारी माझ्याजवळ आली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुझं तीन दिसांचं. लेकी परक्या घरच्या. आज न्हाऊन घे, सुतक फिटलं तुझं. धा दिस घरच्यांनी धरायचं." रीतच आहे ती, तिनं काही वाकडं सांगितलं नाही.

पण माझा एवढ्या वर्षांचा राग त्या क्षणी कुठल्या कुठे गेला, आणि मला आबा चक्कीच्या दारात उभे दिसले, पिशवीचं तोंड परत बांधणारे. मी म्हटलं, "मी दहा दिवस धरणार."

"आगं, पर रीत..."

"दहा दिवस," मी म्हटलं. "आबांनी तळं दिलंय त्यासाठी."

म्हातारीनं काकाकडं पाहिलं. काका डोकं भादरून भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तिला. घरची हाय."

दहाव्याला मी घरच्यांबरोबर इंद्रायणीवर गेले.